पणजीची अझुलेजो पाटी: रंग झिलईवर की झिलईत?

पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतून चालताना घरांचे क्रमांक आणि गल्ल्यांची नावे निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर दिसतात. या रंगवलेल्या टाइल्सना पोर्तुगीजमध्ये अझुलेजो म्हणतात. तशी हाताने रंगवलेली नावपाटी ऑर्डर देऊन करून घेता येते, आणि दारावर ती शोभतेही. नावाभोवतीची वळणदार पानांची चौकट मुळात पोर्तुगालमधल्या १८व्या शतकातल्या चर्चच्या आणि वाड्यांच्या भिंतींवरची. ती अख्ख्या भिंतीच्या मापाची असल्यामुळे सहा इंची एकाच टाइलवर गिचमिड होते. एकच टाइल घ्यायची असेल तर साधी दुहेरी रेघ मागा. पानांची चौकट हवी असेल तर निदान दोन टाइल्स घ्या.

किमतीतला खरा फरक भट्टीचा असतो. जुन्या पद्धतीत भाजलेल्या मातीच्या टाइलला कथिलाची पांढरी झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा थर, देतात आणि ती कच्ची असतानाच तिच्यावर कोबाल्टच्या निळ्या रंगाने रंगवतात. पिठासारखी ती झिलई कुंचल्यातले पाणी क्षणात शोषते. चुकलेली रेघ पुसायची सोय नाही. मग सुमारे १००० अंशांवर भाजली की रंग झिलईत मुरतो, कडा किंचित पसरतात. दुसऱ्या प्रकारात कारखान्याच्या तयार चकचकीत टाइलवर रंगवून ८०० अंशांच्या आसपास भाजतात. रेघ जास्त रेखीव येते, रंग मात्र पृष्ठभागावरच बसतो. आतल्या भिंतीला हा प्रकार पुरेसा आहे. तिसऱ्या प्रकारात टाइल नुसती रंगवतात, ती भट्टीत जातच नाही. त्याला पाटी म्हणण्यात अर्थ नाही.

ओळखायचे कसे? टाइल उजेडात तिरपी धरा. रंगाची आणि पांढऱ्या भागाची चकाकी वेगळी दिसली तर रंग वर आहे. न भाजलेला रंग नेलपॉलिश रिमूव्हरच्या बोळ्याला लागतो. चौकटीतली चारही कोपऱ्यांची पाने तंतोतंत एकसारखी असतील तर ते काम बहुधा छापील.

देवनागरीत नाव असेल तर टाइल्सचा सांधा अक्षरावर येऊ देऊ नका. शिरोरेषा सांध्यावर तुटली तर चालते, 'क्ष' मधोमध चिरलेला चालत नाही. कोळशाची पूड टिपून नक्षी उतरवायचा टोचलेला कागद आधी पाहायला मागा. वेलांटीची चूक तिथेच सुधारता येते.

बसवताना गवंडी पाठीमागे पाच गोळे लावून टाइल दाबतो, तिथेच घात होतो. मातीची टाइल पाठीमागून पाणी पिते, पोकळीत पावसाचे पाणी साठते आणि भिंतीतले क्षार झिलई उचलतात. टाइल अ‍ॅडहेसिव्ह पूर्ण पाठीवर पसरायला लावा. हातकामात मापे मिलिमीटरभर मागेपुढे असतात, म्हणून दोन मिलिमीटरचा सांधा ठेवा आणि वरची कड सीलंटने बंद करा. सिमेंटचे डाग काढायला अ‍ॅसिड वापरू देऊ नका, वर बसलेला निळा रंग त्याने फिका पडतो. ओल्या फडक्याने लगेच पुसले तर अ‍ॅसिडची गरजच पडत नाही.