रोटरी इंजिनवर टायमिंग लाइट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या आधी ही टायमिंग लाइट (इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडते ते फ्लॅशने दाखवणारा दिवा) घेतली, त्याला आता आठ महिने झाले. गाडी काकांकडून आलेली माझदा आरएक्स-७, १९८७ चं मॉडेल, १३बी रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी दोन त्रिकोणी रोटर फिरतात ते. नाशिकमध्ये रोटरीला हात लावायला तयार असलेलं गॅरेज मला सापडलं नाही. अंबडच्या एका वस्तादांनी तर बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाले, "हे तुम्हीच शिका." म्हणून शिकलो.

लाइट घेताना जरा महागातली घेतली. मागे ॲडव्हान्सचा डायल (फ्लॅशची वेळ अंशांत सरकवणारा), वर आरपीएमचा डिस्प्ले. या इंजिनवर दोन्हीचा उपयोग शून्य, हे आधी कोणी सांगितलं असतं तर निम्मे पैसे वाचले असते.

पहिल्याच दिवशी गाडी आयडलला, डॅशबोर्डचा काटा ७५० वर आणि लाइट दाखवतेय ३०००. कितीतरी दिवस मी काट्यावरच शंका घेत राहिलो. खरं कारण असं, की लाइट चार-स्ट्रोक पिस्टनचा हिशेब धरते: शाफ्टच्या दोन फेऱ्यांत एक ठिणगी. रोटर एकदा फिरतो तेव्हा शाफ्ट तीनदा फिरतो आणि रोटरला बाजू तीन, म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेरीला एका रोटरचा एक स्फोट. प्रत्येक रोटरला प्लग दोन: आधी पेटणारा लीडिंग आणि नंतरचा ट्रेलिंग. त्यात या मॉडेलची लीडिंग कॉइल दोन्ही रोटरच्या लीडिंग प्लगना एकदमच ठिणगी देते. झाल्या दोन फेऱ्यांत चार ठिणग्या. लाइटचा क्लॅम्प (प्लगच्या वायरवर बसून ठिणगी ओळखणारा चिमटा) पुढच्या रोटरच्या ट्रेलिंग वायरवर लावला की आकडा १५०० येतो, कारण तिथे फेरीला एकच ठिणगी. डायलचंही तेच. तो २० वर नेला तर पुलीवरची खूण जेमतेम ५ अंश हलली. त्यामुळे डायल कायम शून्यावर.

माझी मोठी चूक मात्र वेगळी होती. पुलीवर दोन खुणा आहेत, पिवळी आणि लाल, आणि समोरच्या कव्हरवर पिन. मी पिवळीला टीडीसी समजलो, म्हणजे मिश्रण सगळ्यात जास्त दाबलं जातं तो शून्य अंश. आयडलला ठिणगी टीडीसीनंतर ५ अंशांवर पडायला हवी हे वाचलं होतं, म्हणून खूण पिनच्या आणखी ५ अंश पुढे ढकलून ठेवली. पण पिवळी खूण म्हणजेच ५ अंश! लाल म्हणजे २०, ट्रेलिंगची. दोन महिने गाडी टीडीसीनंतर १० अंशांवर, म्हणजे ठिणगी उशिरा पाडत चालवली. कसारा घाट चढताना जीव नसल्यासारखी, आणि एक्झॉस्टची धग बॉनेटवर हात ठेवला तरी जाणवायची.

आता करतो ते असं. इंजिन पूर्ण गरम, संध्याकाळची वेळ, म्हणजे फ्लॅश नीट दिसतो. क्लॅम्प पुढच्या रोटरच्या खालच्या, म्हणजे लीडिंग प्लगच्या वायरवर, बाण प्लगच्या दिशेला, आणि शेजारच्या वायरपासून लांब. जवळ असला तर तिचीही ठिणगी पकडतो आणि खूण थरथरते. फ्लॅश फेरीत दोनदा पडतो, म्हणून पिवळ्या खुणेवर पुलीची कोरी बाजूही चढते आणि खूण फिकी दिसते. पहिल्यांदा मला वाटलं रंगच उडाला. ब्रशने घासून नेलपॉलिशचा एक थेंब लावला, तेव्हा ती उठून दिसायला लागली. मग क्रँक अँगल सेन्सरचा (ठिणगीची वेळ ज्यावरून ठरते त्याचा) नट सैल करून सेन्सर अगदी केसभर फिरवायचा, पिनसमोर पिवळी आणायची, नट आवळायचा आणि परत बघायचं, कारण आवळताना तो हटकून सरकतो. शेवटी क्लॅम्प ट्रेलिंगवर घेऊन लाल खूण पिनसमोर येते का ते बघायचं. तिचं वेगळं ॲडजस्टमेंट नाही.

फ्लॅशमध्ये पुली आणि बेल्ट थांबल्यासारखे दिसतात. बाही, ओढणी, वायर, काहीही जवळ नेऊ नका.

ज्यासाठी लाइट घेतली ते काम ती चोख करते. झेनॉनचा फ्लॅश अजून तितकाच लख्ख आहे, क्लॅम्पची पकड घट्ट आहे. तक्रार वायरची. ती आखूड आहे, एक्झॉस्टजवळून न्यावी लागते आणि एप्रिलमध्ये क्लॅम्पपाशी तिचं आवरण कडक होऊन चिरलं. क्लॅम्पची वायर सुटी होत नाही, त्यामुळे बदलता येईना. इथल्या द्वारका चौकाजवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून उष्णतेला टिकणारी स्लीव्ह चढवून घेतली, त्यावर अजून चालतेय.

रोटरीसाठी घेत असाल तर डायल नसलेली साधी झेनॉन लाइट घ्या, वायर लांब आणि सुटी होणारी आहे हे दुकानातच बघा. आणि टायमिंग अंदाजाने पुढे ओढू नका, म्हणजे ठिणगी लवकर पाडू नका. पिस्टनच्या गाडीत नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) झालं तर आवाज ऐकून मागे घ्यायला वेळ मिळतो; इथे तेवढ्यात एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) तुटतं, आणि मग इंजिन उघडण्यावाचून इलाज नाही.