धान्य साठवणुकीच्या सल्ल्याचा आठ महिन्यांचा अनुभव

कुही तालुक्यात आमची सात एकर शेती आहे. मार्चमध्ये हरभरा निघाला तेव्हा मनासारखा भाव मिळेना, म्हणून माल लगेच नागपूरच्या कळमना बाजारात न नेता दिवाळीपर्यंत घरीच ठेवायचे ठरवले आणि त्याच आठवड्यात एका कृषी सल्ला सेवेत नाव नोंदवले. फोनवर संदेश येतात, शंका विचारण्यासाठी क्रमांक आहे आणि अधूनमधून एक मार्गदर्शक ताई गावात येऊन गटाला भेटतात.

संदेशांचा मला फारसा उपयोग झाला नाही. ‘ओलावा १० टक्क्यांच्या आत आणा’ हे बरोबरच आहे, पण ज्याच्याकडे ओलावा मोजायचे यंत्र नाही त्याने १० टक्के ओळखायचे कसे? ताईंनी कोरड्या काचेच्या बरणीत थोडा हरभरा आणि दोन-तीन चमचे कोरडे मीठ घालून बरणी हलवली व पंधरा मिनिटे ठेवून दिली. मीठ काचेला चिकटले तर ओलावा साधारण १५ टक्क्यांहून अधिक असतो. मात्र ते चिकटले नाही म्हणजे माल साठवण्याइतका वाळला असे होत नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. पुढची खात्री आमच्या आईच्याच पद्धतीने, म्हणजे दाणा दाताखाली ‘कट्’ वाजतो का ते पाहून केली. उन्हातून उचललेला गरम हरभरा तसाच भरल्यास आत पाणी सुटते, म्हणून तो आधी सावलीत निवू द्यावा, हे मला चाळिसाव्या वर्षी कळले.

शेजारी कीड मारायला धान्यात सल्फासच्या गोळ्या टाकतात. हवेतल्या दमटपणाने त्यांतून विषारी फॉस्फिन वायू सुटतो, त्यामुळे माणसे झोपतात त्या घरात त्या ठेवायच्याच नाहीत, असे ताईंनी चारचौघांत ठणकावले. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी या सेवेला पैकीच्या पैकी गुण देईन.

गोळ्यांऐवजी त्यांनी हवाबंद पिशव्या सुचवल्या. हरभऱ्यावरच्या भुंग्याची लागण बहुतेकदा शेतातूनच येते. पिशवी पिळून, दुमडून घट्ट बांधली की आतला प्राणवायू किडेच संपवतात आणि त्यांची वाढ थांबते. माझा विश्वास नव्हता, म्हणून एक कट्टा मुद्दाम नेहमीच्या बारदानात ठेवला. श्रावणात तो उघडला तेव्हा दाण्यादाण्याला भोक होते आणि तळाशी पीठ साचले होते. हवाबंद पिशव्यांत मोजके मेलेले भुंगे निघाले.

तक्रारीही आहेत. पिशवी सारखी उघडली तर सगळे मुसळ केरात, हे घरातल्या बायकांना कुणी सांगितले नव्हते, कारण बैठकीला बोलावले होते फक्त पुरुषांना. एक पिशवी उंदराने खालून कुरतडली. फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा, हा संदेश त्यानंतर आला. ‘पावसाआधी धान्य वाळवून घ्या’ हा तर जुलैत, अंगणात चिखल असताना आला.

पेरणीच्या तोंडावर हवाबंद पिशवीतले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, त्यांतले ९१ उगवले. प्रमाणित हरभरा बियाण्याला किमान ८५ टक्के उगवण लागते. बारदानातले १०० दाणेही तसेच ठेवले होते, त्यांतले ३४ उगवले. बारदानातला तो कट्टा शेवटी बैलांना भरडून घातला.