सीटमधला गॅस संपलाय म्हणून घेतले ३९,५०० रुपये

गाडीच्या सीटमध्ये गॅस नसतो. हे आधीच लिहून ठेवतो, कारण सीट गार करणाऱ्या गाड्या आता कोल्हापुरात गल्लोगल्ली दिसतात आणि उन्हाळा आला की या गॅसच्या नावाखाली आणखी कुणाला तरी कापणार.

माझी गाडी सेकंडहँड, पुण्यातून घेतलेली, वॉरंटी संपलेली. पुढच्या दोन्ही सीट गारही होतात आणि गरमही. कोल्हापुरात गरम सीट कशाला, असं विचारणाऱ्यांना सांगतो, माझ्या बायकोला मणक्याचा त्रास आहे. पावसाळ्यात आंबा घाटातून रत्नागिरीकडे जाताना कंबरेला ती ऊब मिळाली नाही तर तिला गाडीतून उतरवत नाही. त्यामुळे तिच्याच बाजूची सीट बंद पडली तेव्हा चालढकल करणं शक्य नव्हतं. बटण दाबलं तर दिवाही लागेना. गार नाही, गरम नाही. शेजारची माझी सीट मात्र ठणठणीत.

मेव्हण्याने हायवेलगतचं एक गॅरेज सुचवलं. काचेची केबिन, आत एसी, दारात महागड्या गाड्या उभ्या. मालकाने चहा मागवला, पोराने गाडीला स्कॅनर लावला, आणि थोड्या वेळाने मालक खिडकीपाशी येऊन म्हणाला, "काका, मॉड्यूल गेलंय, दोन्ही ब्लोअर बसलेत, आणि सीटमधला गॅस उडालाय."

गॅस! इथेच सगळं कळायला हवं होतं असं आता जो तो मला ऐकवतो. पण त्यांना विचारा, गाडीचा एसी गार करेना झाला की मेकॅनिक पहिलं काय म्हणतो? गॅस गेलाय म्हणतो, आणि ते खरंही असतं. घरचा फ्रिज बिघडला तरी तेच ऐकतो आपण. मग गार होणाऱ्या सीटमध्ये गॅस असेल असं सामान्य माणसाला वाटलं तर त्यात त्याचा काय दोष? ज्याला दोन्हीतला फरक पक्का माहीत आहे त्याने तो फरक लपवून पैसे घेतले. दोष त्याचा आहे.

प्रत्यक्षात सीटखाली आणि पाठीत छोटे पंखे असतात, तेच ब्लोअर. त्यांना चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा म्हणजे मॉड्यूल. पंखे केबिनमधलीच हवा चामड्याच्या बारीक भोकांतून खेळवतात. म्हणजे एसी बंद असेल तर सीटही बर्फगार होणार नाही, आणि जाड सीटकव्हर घातलं तर भोकंच बुजतात. काही महागड्या गाड्यांत विजेवर गार-गरम होणारी चकती असते. गॅस त्यातही नाही. गरम करायला गादीच्या आत तारेची किंवा कार्बनची जाळी असते, चादरीसारखी पसरलेली. बस, एवढंच.

हिशेब देतो. स्कॅनिंग १,२००. मॉड्यूल १८,५००. दोन ब्लोअर १२,८००. 'सीट गॅस' २,५००. मजुरी ४,५००. एकूण ३९,५००. त्यातले २०,००० आधी घेतले, १९,५०० गाडी देताना, दोन्ही वेळा यूपीआयने, आणि तेही दुकानाच्या नावावर नाही, कुणा भलत्याच्याच खात्यावर. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी लावला तर अठरा टक्के वाढतील, बघा." हातात आली ती पॅडवरची चिठ्ठी. जुने पार्ट मागितले तर ते कंपनीला परत पाठवावे लागतात म्हणे. जुना पार्ट हातात दिल्याशिवाय पैसे सोडू नका. कुणी काहीही सांगू दे.

स्कॅनचा कागद घरी आल्यावर नीट वाचला. त्यावरचा चॅसिस नंबर 'डब्ल्यू'ने सुरू होत होता. डब्ल्यू म्हणजे जर्मन कंपनीची गाडी. माझ्या गाडीचा नंबर 'एम'ने सुरू होतो. दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचा रिपोर्ट मला चिकटवला होता! फोन केला तर, "प्रिंटरची गडबड झाली असेल, सीट चालतेय ना?" सीट चालत होती, तेव्हा पुढे काय बोलणार?

काही आठवड्यांनी बायकोने पाय लांब करायला सीट मागे सरकवली आणि सगळं पुन्हा बंद. "अहो, हे परत गेलं," एवढंच ती म्हणाली. गॅरेजमध्ये आता वेगळी टेप सुरू झाली. म्हणे हीटरची जाळी जळली, १४,००० लागतील.

तिथून गाडी काढली ती थेट उद्यमनगरात, एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. त्यांनी स्कॅनर काढलाच नाही. मला विचारलं, "गार आणि गरम दोन्ही एकदम गेलं का? बटणाचा दिवा लागतो का?" मी सांगितलं तसं त्यांनी फ्यूजबॉक्स उघडला, चिमट्याने एक फ्यूज ओढून मोबाईलच्या उजेडात धरला. मधली तार तुटलेली आणि प्लास्टिकला काळा डाग. मग बॅटरीची वायर काढून ते थोडा वेळ थांबले, कारण सीटखाली पिवळे कनेक्टर असतात ते एअरबॅगचे, त्यांना घाईत हात लावायचा नसतो. हे घरी करून बघणाऱ्यांनी डोक्यात ठेवा. सीट पुढे-मागे केली तर एक वायर रुळाला घासून सोललेली. सीट सरकली की ती लोखंडाला टेकायची आणि फ्यूज उडायचा. मीटर लावून जाळी तपासली, तीही चांगली निघाली.

म्हणजे आधीच्या माणसाने केलं काय? फ्यूज बदलला. फक्त फ्यूज. दोन्ही एकदम बंद पडतं तेव्हा आधी दोन्हींना मिळून जे असतं ते बघायचं, फ्यूज, कनेक्टर, वायर. दोन ब्लोअर आणि मॉड्यूल एकाच दिवशी कसे मरतील?

आणि तो 'नवा' ब्लोअर. त्यांनी तो बाहेर काढून माझ्या हातात दिला. स्टिकरवर २०२१ साल. पात्यांत धुळीची पुटं, आणि त्या धुळीत शेंगदाण्याची लाल टरफलं. आमच्या गाडीत पोरं भडंग खातात, ते भडंग या ब्लोअरने कधीचं गिळलेलं. त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता, आणि अशा दोन ब्लोअरचे मी १२,८०० मोजले होते! वायर नीट करून, त्यावर नळी चढवून, नवा फ्यूज घालून त्यांनी घेतले ६५०.

मग सुरू झाली सरकारी वणवण. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराने पहिला प्रश्न विचारला, "गाडी चालतेय ना?" चालतेय म्हटल्यावर त्यांच्या लेखी विषय संपला. मी म्हटलं, ही सरळ फसवणूक आहे, जुनं ४२०, आता न्याय संहितेचं ३१८. तर म्हणाले, "हे दिवाणी आहे, ग्राहक कोर्टात जा." अर्ज ठेवून घेतला, पोच देईनात. पोच मागितली तर साहेब बंदोबस्तावर. पुन्हा गेलो तर अर्ज सापडत नाही. गाड्यांचा कारभार बघणाऱ्या कचेरीत म्हणाले गॅरेज आमच्याकडे येत नाहीत. कराच्या कचेरीत म्हणाले बिलच नाही तर तक्रार कशावर घेऊ? अहो, बिल देत नाही हीच तर तक्रार आहे! बँकेत सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत. प्रत्येक टेबलावर मलाच शहाणपण शिकवलं, त्या गॅरेजवाल्याला मात्र कुणी एक फोन केला नाही. चाळीस हजार ही रक्कम यांना किरकोळ वाटते. बायकोच्या फिजिओथेरपीचे पैसे होते ते.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्या, पण हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देऊ शकत नाही. तो अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची. मी यूपीआयच्या नोंदी, ती चिठ्ठी, डब्ल्यूवाला कागद, ब्लोअरच्या स्टिकरचा फोटो आणि दुसऱ्या मिस्त्रींचं लेखी म्हणणं जोडून तक्रार दाखल केली आहे.

तुमच्याकडेही 'सीट गॅस' असं लिहिलेली चिठ्ठी असेल तर फाडू नका. आजच फोटो काढा, आणि दोन वर्षं उलटायच्या आत तक्रार टाका.