ख्रिस्ती पाळक (धर्मोपदेशक) घडवणाऱ्या सेमिनरीत शिकवत राहावं, की पाळक म्हणून पुन्हा मंडळीत, म्हणजे चर्चच्या कामात, जावं?

पैशाचं आधी उरकू. श्रीमंती दोन्हीकडे नाही. पाळकगृह मात्र पदाबरोबर मिळतं नि पदाबरोबरच सोडावं लागतं, हे घरच्यांशी आधी बोलून घ्या.

खरा फरक वेळेचा. सेमिनरीत वेळापत्रक असतं, पेपर तपासले की सत्र संपतं. मंडळीत शनिवारी रात्री उपदेश अर्धवट असताना दवाखान्यातून फोन येतो, आणि उठावंच लागतं. शिवाय मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठका! त्यांत छपराच्या गळतीवर जितकी चर्चा होते तितकी शास्त्रावर होत नाही.

‘पाळक झालात की अभ्यास सुटला’ हे अर्धंच खरं. स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरचं भाष्य स्वित्झर्लंडमधल्या साफेनविल गावी पाळक असतानाच लिहिलं. प्राध्यापकी १९२१ साली, नंतर मिळाली. बायबलच्या मूळ भाषांचं, हिब्रू-ग्रीकचं, ज्ञान मात्र वर्गाविना गंजतं.

विद्यार्थी शिकून पांगतात. मंडळीत आपण बाप्तिस्मा दिलेलं पोर दृढीकरणाला (मोठेपणी स्वतःची श्रद्धा जाहीर करण्याच्या विधीला) समोर उभं राहतं.

एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षं खोदायचं असेल, तर वर्ग सोडू नका. शिकवताना उदाहरणं जुन्याच मंडळीतली येत असतील, तर परत जा. नुसत्या सहकाऱ्यांना कंटाळला असाल, तर थांबा. पंच काही वेगळे नसतात.