एअरलाइन शिकवेल, की आधीच तयार होऊन जायचं?

अमेरिकेतल्या रिजनल एअरलाइनमध्ये पहिल्यांदा जेट चालवायला बसणाऱ्या पायलटांपुढे प्रशिक्षणाच्या दोन वाटा असतात. २००९ च्या कोलगन एअरच्या फ्लाइट ३४०७ च्या अपघातानंतर २०१३ पासून को-पायलटलाही एटीपी (एअरलाइन पायलटचं सर्वोच्च प्रमाणपत्र) लागतं. त्यासाठी साधारणपणे उड्डाणाचे १५०० तास लागतात, मान्यताप्राप्त विमानचालन पदवी असेल तर १०००. पण तास भरले म्हणजे जेट चालवता येतं असं नाही.

पहिली वाट: 'तिथे शिकवतीलच.' सिम्युलेटरचं सत्र बहुधा चार तासांचं असतं आणि ते दोघांत वाटलं जातं. त्यात स्विच शोधण्यात वेळ गेला, तर व्ही-वनला (ज्या वेगानंतर टेकऑफ थांबवायचा नसतो) इंजिन बंद पडल्याचा सराव उरकावा लागतो. मग ठरलेली चूक होते: नाक भरकटलं की पाय गोठतो आणि हात एलरॉनकडे (विमान बाजूला कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) धावतो. खरं तर आधी पायाने रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबून धावपट्टीची रेषा धरायची, सावकाश रोटेट करायचं म्हणजे नाक उचलायचं, चढ पक्का दिसला की गिअर (चाकं) वर आणि मग ट्रिम, म्हणजे दाब न देता विमान स्थिर राहील अशी जुळणी. चेकलिस्टची घाई नको.

दुसरी वाट: कॉकपिटचं छापील पोस्टर भिंतीवर लावून फ्लो (स्विच तपासण्याचा ठरलेला क्रम), कॉलआउट (मोठ्याने बोलायचे ठरलेले शब्द), विमानाच्या मर्यादा आणि मेमरी आयटम (आणीबाणीत न बघता करायच्या कृती) आधीच पक्के करायचे. सहकाऱ्यासोबत, मोठ्याने. एकट्याने मनात घोकलेलं दबावाखाली विसरतं. यात धोका एकच, जुनी आवृत्ती पाठ होण्याचा. म्हणून कंपनीचंच मॅन्युअल वापरा.

इन्स्ट्रक्टर कच्चा असू शकतो, ती जबाबदारी कंपनीची. तक्रार चेकराइडच्या (अंतिम उड्डाण परीक्षेच्या) आधीच करा. नापास झाल्याची नोंद पायलट रेकॉर्ड्स डेटाबेसमध्ये (एअरलाइन भरतीआधी तपासतात ती सरकारी नोंदवही) तुमच्या नावावर होते.