दूध संकलन केंद्रावर सौर, डिझेल आणि बॅटरी : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचे लहान दूध संकलन केंद्र आहे. सकाळी सुमारे 500 आणि सायंकाळी 350 लिटर दूध येते. 35 अंशांवरचे 500 लिटर दूध 4 अंशांवर आणायला कूलर 7 ते 8 युनिट वीज घेतो, आणि दूध काही वीज येईपर्यंत थांबत नाही. पावसाळ्यात तारांवर झाड पडले की दोन-दोन दिवस अंधार असतो. त्यामुळे 15 केव्हीएचा डिझेल जनरेटर आधीपासून होताच. त्याच्या जोडीला डिसेंबर 2024 मध्ये 550 वॅटची 18 पॅनेल, हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि बाहेरून येणारी वीज यांची सांगड घालणारे यंत्र) आणि सुमारे 10 युनिट साठवणारी लिथियम बॅटरी बसवली. एकूण खर्च साडेआठ लाख झाला. (तेव्हा पॅनेलवर 12 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला, याची हळहळ वाटते.)

पहिल्याच आठवड्यात कॉम्प्रेसर सुरू होताना इन्व्हर्टर बंद पडू लागला. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, याचा हिशेब विक्रेत्याने धरलाच नव्हता. मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवल्यावर तो त्रास थांबला. दुसरा खर्च अर्थिंगचा. आमच्याकडे दोन फुटांखाली जांभा लागतो, त्यात अर्थिंग नीट मिळत नाही. मीठ-कोळसा भरून तीन खड्डे करावे लागले. पण वळवाच्या विजा पाहता ते टाळण्यासारखे नव्हते.

खरा फरक जनरेटरच्या वागण्यात पडला. पूर्वी वीज गेली की 12 किलोवॅट देऊ शकणारे ते यंत्र केवळ अडीच किलोवॅटच्या कॉम्प्रेसरसाठी तासन्‌तास चालत असे. इतक्या कमी लोडवर डिझेल पूर्ण जळत नाही; सायलेन्सरच्या तोंडाशी काळे, तेलकट थेंब जमत आणि लिटरमागे जेमतेम 2 युनिट पदरात पडत. डिझेल नव्वदीच्या घरात असताना हे युनिट 45 रुपयांना पडत होते. आता जनरेटर लावला की कॉम्प्रेसरबरोबर बॅटरीही 5 किलोवॅटने चार्ज होते, लोड साठ टक्क्यांच्या पुढे जातो, लिटरला 3 युनिट मिळतात आणि दीड-दोन तासांत यंत्र बंद करता येते. मात्र सुरुवातीला इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेतच नव्हता, कारण लोड बदलताच फ्रिक्वेन्सी हलत होती. मेकॅनिककडून इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर नीट लावून घेतल्यावर जुळले.

ऊन मिळते दुपारी आणि दूध येते सकाळ-संध्याकाळ, म्हणून बॅटरीवाचून ही व्यवस्था आमच्या कामाची नव्हती. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला चाळीसच्या आसपास युनिट मिळतात. उरलेली वीज वाया जाऊ नये म्हणून बोअरचा पंप आणि वैरण कापण्याचे यंत्र आता भर दुपारी चालवतो. जुलैत मात्र घाटावर ढग दाटून आले की 8 ते 10 युनिटांवर समाधान मानावे लागते. त्या दिवसांत पॅनेलच्या खालच्या कडेला शेवाळ धरते, ते मऊ कापडाने पुसावे लागते. हिवाळ्यात नैर्ऋत्येच्या फणसाची सावली तीन वाजल्यानंतर चार पॅनेलांवर येते आणि त्या ओळीत जोडलेल्या बाकीच्यांची वीजही खाली ओढते. जागा ठरवताना जूनचे ऊन पाहिले, डिसेंबरचे पाहिले नाही, ही चूक माझी.

हिशेब असा. 2024 च्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत 640 लिटर डिझेल लागले होते, 2025 मध्ये त्याच महिन्यांत 230 लागले. इतर महिन्यांची डिझेल-बचत आणि कमी झालेले वीजबिल धरून वर्षाला साधारण लाखभर रुपये वाचतील असे दिसते. म्हणजे पैसे वसूल व्हायला आठ-साडेआठ वर्षे लागतील. विक्रेत्याने चार सांगितली होती. नासलेल्या दुधाचे नुकसान यात धरलेले नाही. 2024 च्या पावसाळ्यात तीनदा दूध फेकावे लागले होते, 2025 मध्ये एकदाही नाही. जनरेटर मात्र विकता येणार नाही, आणि कोणी तसे सुचवले तर त्याला एकदा जुलैत इकडे आणावे.

पुन्हा घ्यायचे झाले तर कूलर बर्फ साठवणाऱ्या टाकीचा घेईन. दुपारच्या फुकटच्या विजेवर बर्फ करून ठेवला असता तर सायंकाळचे दूध त्यावरच थंड झाले असते आणि निम्म्या बॅटरीत काम भागले असते.