देशी झाडांची नर्सरी: गुलमोहर मागायला जाऊ नका
पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

आमच्या तालुक्यात फक्त आपल्याकडचीच झाडं ठेवणारी ही एकच नर्सरी आहे, गुलमोहर, निलगिरी, ग्लिरिसिडिया असलं काही मागितलं की नर्सरीवाले काका सरळ सांगतात, "ते पुढच्या चौकात मिळेल." मला शेताच्या बांधावर पक्षी यावेत म्हणून चार मोठी झाडं हवी होती. काकांनी आधी विचारलं बांध किती रुंद, विहीर कुठे, शेजारच्याची ज्वारी कुठल्या अंगाला, आणि मग झाडं राहिली बाजूला, करवंद, बोर, तोरण, निरगुडी अशी झुडपंच गाडीत भरली. म्हणे पिकावर सावली पडली की तुम्हीच कुऱ्हाड घेऊन याल. पटलं!

मोठ्यात फक्त विहिरीजवळ उंबर आणि कोपऱ्यात पांगारा. उंबराला वर्षातून बऱ्याचदा फळं धरतात, त्यामुळे दुसरीकडे काही नसतं तेव्हाही तांबट, कोकीळ येतात, नशीब असेल तर हरियाल पण, आपला राज्यपक्षी, जो निम्म्या महाराष्ट्राने बघितलेलाच नाही. पांगारा उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकून लालभडक फुलतो, तेव्हा मैना, बुलबुल, शिंजीर सगळ्यांची मधासाठी झुंबड. आमचा अजून लहान आहे, काकांच्या दारातल्या झाडावर हा तमाशा बघून घ्या.

सगळ्यात कामाचा सल्ला फुकट मिळाला, तो म्हणजे विहिरीवरची जुनी बाभूळ तोडू नका, बांधावरचं गवत पेटवू नका आणि तिथे तणनाशक मारू नका. यंदा त्याच बाभळीला सुगरणीची घरटी लटकलीत, काही अर्धीच आहेत, नर अर्धं विणून मादीला दाखवतो आणि तिला पसंत नाही पडलं की बसला बोंबलत. खालच्या फांदीवर एका काट्याला टोळ टोचून ठेवलेला दिसला, पाय हलत होते त्याचे अजून. खाटीक पक्ष्याचं काम.

शेजारचे आबा मात्र वैतागलेत. "पाखरं बोलावतोस, कणसं कोण राखणार, तू?" त्यांचा मुद्दा चुकीचा नाहीये. कोतवाल, मैना, बगळे हुमणी आणि अळ्या खातात हे खरं, पण ज्वारी दाण्यात आली की गोफण नाहीतर चकाकणारी पट्टी लागतेच, आणि हे काकांनी विकतानाच सांगायला पाहिजे होतं.

काउंटरवर चिमण्यांसाठी लाकडी घरटी पण आहेत, बहिणीच्या फ्लॅटसाठी एक घेतलं. भोक सव्वा इंचाचं, म्हणजे चिमणी जाते, मैना नाही, आणि बाहेर दांडी नाही ते बरंच, कावळ्याला टेकायला जागा कशाला द्यायची. पण चिमणीची पिल्लं सुरुवातीला दाण्यावर नाही, किड्या-अळ्यांवर वाढतात, तेव्हा सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि दर महिन्याला औषध फवारणी असेल तर ते घरटं शोपीसच. बहिणीला सांगितलंय आधी कुंपणाला मेंदी लाव, आणि सेक्रेटरीशी फवारणीवरून भांडायची तयारी ठेव.

आता कापलेला स्टार. जूनमध्ये देतो म्हणालेली रोपं जुलै संपता संपता आली, निम्मा पाऊस गेला. करवंदाच्या बऱ्याच पिशव्यांत मुळं गोल गोल फिरलेली होती, म्हणजे रोपं पिशवीत जास्त दिवस राहिलेली, तशीच लावली तर जीव धरत नाहीत, मुळं कापून लावावी लागली. आणि लेबलवर नुसती शास्त्रीय नावं, गडी बिचारा कुठली बोर नि कुठलं तोरण विचारत बसला.

रेट ठीक आहेत, घासाघीस चालत नाही. मे महिन्यातच बुकिंग करा आणि गाडीत चढवायच्या आधी दोन-चार पिशव्या फाडून मुळं बघा, काका चिडत नाहीत.